आडव्या बोरातला आवाज

मागच्या आठवड्यात या ग्रुपवर एका ताईंनी बंदराच्या शहराखालच्या जुन्या भुयारांबद्दल लिहिलं होतं. व्यापाऱ्यांनी माल लपवायला खोदलेली, वरून आता डांबरी रस्ता गेलेला, अन् त्यांच्या मावसभावाला तिथं कोणाची तरी पावलं ऐकू आली... खाली कमेंटचा ढीग. 'अंगावर काटा आला.' 'मला पण जायचंय.' 'पत्ता पाठवा ना ताई.' मी दुकानात बसून सगळं वाचलं. काटा-बिटा काही आला नाही मला, राग आला. भुयारात जायला पत्ता मागून राहिले लोक.

म्हणून हे लिहून राहिली. माझी भाषा आमच्या सौसर-पांढुर्ण्याची आहे, मध्य प्रदेशातली, थोडी हिंदी, थोडी वऱ्हाडी. सांभाळून घ्या. नसेल जमत तर पुढची पोस्ट वाचा.

पहिले एक सांगते. आमच्या घरात भूत, अंगारा, नवस, यातलं काहीच चालत नव्हतं. बाबा बौद्ध, अन् नुसते नावाचे नाही, पक्के. गावात कोणा बाईच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, तिले पहिले पोटभर जेवू घाला अन् दोन दिवस झोपू द्या. लहानपणी मांजर आडवी गेली म्हणून मी एकदा थांबली, तर त्यांनी त्याच रस्त्यानं मला पुन्हा पुन्हा चालवलं होतं. मी त्यांचीच पोरगी. पांढुर्ण्याला बस स्टँडसमोर माझं झेरॉक्स अन् ऑनलाइनचं दुकान आहे. शेजारचा दुकानदार दर शनिवारी लिंबू-मिरची टांगतो, त्याच्या उरलेल्या मिरच्या मी घरी नेऊन ठेचा करते. आजपर्यंत पोट दुखलं नाही.

आमचं शेत सौसर तहसीलमध्ये, लोधीखेड्याच्या अंगाला. गावाचं नाव लिहीत नाही, माझी वहिनी अजून तिथंच राहते. गावाबाहेर एक टेकाड, त्याच्यावर जुनी गढी. गढी म्हणजे आता नुसते दगड अन् बोराटीची झुडपं. टेकाडाच्या पोटात एक भुयार आहे, ते पार नदीपर्यंत जाते, असं गावात सगळेच सांगायचे. कोणी म्हणे राजानं पळून जायला खोदलं, कोणी म्हणे खजिना. भुयाराचं तोंड आम्ही सगळ्यांनीच पाहिलं होतं. वाकून जावं लागेल एवढंसं, काटे टाकून बंद केलेलं. बकऱ्या आत जाऊ नये म्हणून. आमचं शेत टेकाडाच्या दुसऱ्या बाजूला, उतारावर. भुयार आमच्या विहिरीजवळून जात असंल, असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेत दादा करायचा. सुधाकरदादा, माझ्याहून मोठा. बाबा गेल्यावर कापूस कमी करून त्यानं संत्र्याचा बगीचा लावला. एकेक कलम स्वतः आणून लावलं, उन्हाळ्यात डोक्यावर बादल्या नेऊन जगवलं. वहिनीचं नाव वनिता. लेकरू नाही त्यांना. वहिनी कधी कधी चिडून म्हणायची, माह्या घरात एवढी सारी लेकरं आहेत, सगळी हिरवी, सगळी ह्यांच्यावर गेलेली. दादा हसायचा. हसणं मोठं होतं त्याचं, बांधावरून ऐकू यायचं.

दादाची एक सवय सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. शेतातच घर, अन् विहीर जरा दूर. विहिरीपासून घराजवळच्या टाकीपर्यंत लोखंडी पाइप गेलेला. दादाला चहा पाहिजे असला की तो विहिरीजवळून पाइपावर पाना ठोकायचा. दोन ठोके जवळजवळ, मग थोडं थांबून एक. टक टक... टक. टाकीपाशी ऐकू यायचं. वहिनी चहा ठेवायची. भांडण झालेलं असलं तर ती इकडून पळीनं एकच ठोका द्यायची, मतलब पाहिजे तर येऊन प्या. एवढं वर्षानुवर्षं चाललेलं. माय तर म्हणायची, ह्या दोघायनं मोबाइल कायले घेतला मंग.

त्या वर्षी उन्हाळा फारच वाईट गेला. विहीर तळाला लागली. झाडांवर आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झालेली अन् पानं गोळा होऊन राहिली. दादानं टँकर लावला, तो पण पुरेना. झाडं गेली असती तर पुन्हा लावून फळं यायला वर्षं लागतात, हे ज्यांच्याकडं बगीचा आहे त्यांना सांगायला नको. तेव्हा दादानं ठरवलं, आडवा बोर मारायचा.

शहरातल्या लोकांसाठी सांगते. आमच्याकडं विहीर आटली की मशीन विहिरीत उतरवतात अन् तळाजवळून भिंतीत आडवं भोक पाडत नेतात. जमिनीतली पाण्याची शीर लागली तर पाणी विहिरीत येते. नाही लागली तर भोक लाकडाची गुल्ली ठोकून सिमेंटनं बुजवतात. ते बुजवणं फार जरुरी असते. नाहीतर पावसाळ्यात भरलेली विहीर त्याच भोकातून रिकामी होऊन जाते. भोक कोरडं निघालं की बुजवायचं, ही आमच्याकडं शेंबड्या पोराला पण माहीत असलेली गोष्ट आहे.

मे महिन्यात मी चार दिवस माहेरी गेली होती, त्याच वेळेस बोरवाले आले. सकाळी मशीन उतरली. आम्ही बायका विहिरीच्या काठाशी, कडुनिंबाखाली. पहिल्या दोन दिशांना मुरूम अन् दगड, थेंब नाही. मग टेकाडाच्या बाजूनं मशीन लावली. जेमतेम एक रॉड गेला अन् मशीन एकदम सुटली. खाली बोरवाला ओरडला की पोकळ लागलं. दादाला वाटलं पाणी. रॉड बाहेर काढला, तर पाणी नाही, वारा. थंडगार, ओला वारा. मे महिन्याच्या दुपारी विहिरीच्या काठापर्यंत आला तो. वास मातीचा अन् कुजलेल्या पानांचा होता.

मग तो आवाज आला. टक टक... टक.

आम्ही सगळ्यांनी ऐकला. वहिनी सवयीनं उठून उभी राहिली, चहा ठेवायला. मग तिच्या ध्यानात आलं की दादा तर आमच्याजवळच काठावर उभा आहे, हातात काही नाही. ती हसली. म्हणाली, भुयारात पण चहावाले बसून आहेत वाटते. सगळे हसले. बोरवाले मात्र हसले नाहीत, भराभर वर आले. पुन्हा ठोके आले. तसेच.

मला राग आला त्यांचा. एवढाली माणसं अन् घाबरून राहिली. म्हटलं, दादा, चाल, आपण पाहू. विहिरीला लोखंडी कड्या होत्या, आम्ही दोघं उतरलो. भोक माझ्या छातीएवढ्या उंचीवर, मूठ जाईल एवढं. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. मतलब मला वरच्या लोकांना दाखवायचं होतं की दगड पडून राहिले, दुसरं काही नाही. मोबाइल भोकाशी धरला.

पहिले ठोके आले. मग कोणीतरी श्वास घेतल्यासारखं. मग माणसाचा आवाज, घोगरा, कोरडा पडलेला. हळूहळू बोलला.

"बुजवू नोका... बुजवू नोका जी..."

एक सांगते, तोपर्यंत बुजवायची गोष्ट कोणीच काढली नव्हती. भोक पडून अर्धा तास झाला नव्हता. दादानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. मी एक पाऊल मागं सरकली, खोटं कायले बोलू. पण दादा तो दादाच. भोकाशी तोंड नेऊन हसत म्हणाला, "हाव बाबू, बुजवतोच तुले. थांब जराक." अन् ते त्याचं मोठं हसणं. आतून पुन्हा ठोके आले, ह्या वेळेस घाईघाईनं, क्रम सोडून.

वर येऊन मी रेकॉर्डिंग लावलं. सगळे डोकी जुळवून ऐकत होते. माय मागं बसली होती, तिला कमी दिसते पण कान एकदम ठीक आहेत. ती म्हणाली, "हा त सुधाचा आवाज आहे." आम्ही म्हटलं, हाव माय, मागून हसला तो दादाच आहे. तर म्हणाली, "हसला तो नाही म्हणत मी. आतला. आतला बी सुधाच आहे."

लोक हसायला लागले. दादा पण. पण त्यानं मोबाइल घेऊन पुन्हा ऐकलं, कानाशी लावून. मग म्हणाला, "माहा आवाज असा आहे काय, संगे? असा घोगरा?" मी म्हटलं, नाही रे, काही पण. खरं तर मला सांगता येत नव्हतं. आपला आवाज आपल्याला बाहेरून कुठं माहीत असते? त्याला पण नव्हता.

आत खरंच कोणी माणूस अडकला असंल तर, हा विचार आम्ही केला नाही असं समजू नका. त्याच दुपारी दादा अन् गावातले काही जण टेकाडावर गेले. भुयाराच्या तोंडावरचे काटे जसेच्या तसे, त्याच्यावर कोळ्याचं जाळं, अन् आत जायची एक खूण नाही. आवाज दिले, उत्तर नाही. गावात घरोघर विचारलं, मोहगाव-बोरगावकडं फोन लावले, कोणाचं माणूस हरवलेलं नाही. मग शहाण्या लोकांनी सांगितलं की पोकळीत वारा घुमते, आपलेच आवाज परत येतात. मला पण पटलं, किंवा मी पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ यायला लागलं. बोरवाले भोकाला हात लावायला तयार नव्हते, म्हणून दादानंच गुल्ली ठोकली अन् सिमेंट भरलं. मी काठावरून पाहत होती. आतून ठोके चालूच होते. दादा तळहातानं सिमेंट दाबत होता. मधातच थांबला, हाताकडं पाहिलं, अन् वर तोंड करून म्हणाला की ठोके हाताले लागून राहिले. मग आणखी सिमेंट मागितलं. ते वाळेपर्यंत आवाज आला, मग बंद झाला. मी पांढुर्ण्याला परत आली, दुकान उघडलं, लोकांचे फॉर्म भरायला लागली.

जून लागला तरी पाऊस काही आला नाही. आभाळ नुसतं येऊन गेलं. झाडं वाळून राहिली अन् दादाच्या डोक्यातून तो ओला वारा जाईना. वारा ओला आहे मतलब आत पाणी आहे, भुयार नदीकडं जाते, कुठंतरी झिरप असंल, एवढं पाणी बगीच्याला पुरंल... फोनवर रोज हेच. शेवटी त्यानं बेत केला. गढीच्या बाजूनं भुयारात जायचं, आपल्या विहिरीपर्यंत पोचायचं, अन् पाणी आहे का पाहायचं. विहिरीशी आलो हे समजावं म्हणून आतून दगडावर पाना ठोकायचा. वहिनीनं विहिरीत बसून ऐकायचं.

तो जाणार होता त्या रविवारी मी मुद्दाम गेली, त्याला थांबवायला. वहिनी आधीच भांडून बसली होती. ती म्हणाली, त्या दिवशी तिथून तसाच आवाज आला होता, विसरले काय तुम्ही? दादा बॅटरी तपासून राहिला होता. तो म्हणाला, "मंग त चांगलंच आहे ना. मतलब मी पोचतो तिथपर्यंत."

असा हसला की आमचं भांडणच संपलं. मी म्हटलं, कमीत कमी ते भोक तरी पहिले फोडून ठेव. तो म्हणाला, सिमेंट दगड झालं आता, मशीन लागंल, बोरवाले दूर गेले. पहिले पाहून येतो, पाणी असलं तर फोडूच. मायनं त्याचा हात धरून ठेवला होता. त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला अन् पाना खिशात घातला.

दादा कमरेला दोर बांधून आत गेला, गावातले दोघं जण दोर धरून भुयाराच्या तोंडाशी बसले. वहिनी अन् मी विहिरीत, तळाशी, सिमेंटला कान लावून. बराच वेळ काहीच नाही. मग टेकाडावरून आरडाओरडा आला. आम्ही वर येऊन पाहतो तर भुयाराच्या तोंडातून धूळ निघून राहिली होती. दोर ओढला तर कापलेलं टोक आलं.

पुढचे दिवस नीट सांगता येत नाहीत मला. पोलीस आले, तहसीलचे लोक आले, बाहेरून माती काढणारं पथक आलं. गाव जमलं. आजूबाजूची गावं पण जमली. टेकाडाखाली कुल्फीची गाडी लागली, लोक सहकुटुंब यायला लागले, पोरं मागं ढिगारा घेऊन सेल्फी काढत होती. एक चॅनलवाला वहिनीच्या तोंडापाशी माइक नेऊन विचारे, आप को कैसा लग रहा है. मी त्याचा माइक हिसकून फेकला. त्याचाही व्हिडिओ झाला, तो तुमच्यातल्या काहींनी पाहिला पण असंल.

माय एकच गोष्ट सांगत होती. विहिरीतलं सिमेंट फोडा. तो तिथं आहे. मी ऐकला त्याले तिथं. जो दिसंल त्याला सांगायची. पथकाचे साहेब चांगले होते, त्यांनी ऐकून घेतलं. जमिनीतला बारीक आवाज पकडायचं यंत्र त्यांच्याकडं होतं, ते त्यांनी विहिरीत उतरवून सिमेंटला लावलं. सगळ्यांना गप्प केलं. काहीच नाही. ना ठोका, ना श्वास. साहेब म्हणाले, इथं जिवंत माणूस असता तर यंत्रानं सांगितलं असतं. तो तोंडाकडंच कुठंतरी दबलेला आहे, अन् इथं मशीन लावली तर हादऱ्यानं उरलेलं छत त्याच्या अंगावर येईल. मी भांडली. खूप भांडली, शिव्या दिल्या. पण माझ्याजवळ सांगायला काय होतं? महिनाभर आधीचं रेकॉर्डिंग. ते लावून दाखवलं तर एका पोलिसानं दुसऱ्याकडं पाहून डोळे मिचकावले.

वहिनी विहिरीतून वर आलीच नाही. पळी घेऊन बसली होती. सिमेंटवर एकच ठोका द्यायची, मग कान लावायची. पुन्हा एक. मी जेवण घेऊन उतरायची, ती हात करून मला गप्प बसवायची. आतून कधीच काही आलं नाही.

माती काढत काढत पथक आत पोचलं तेव्हा दादा तोंडाकडं नव्हताच. छत त्याच्या मागं पडलं होतं, त्याला धक्काही लागला नव्हता. तो भुयारात, आमच्या विहिरीकडच्या भिंतीला टेकून बसलेला सापडला. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत बोराच्या भोकात. पाना मुठीतच, भोकाच्या आत, सिमेंटला लागलेला. गुल्ली त्यानं तुकडे तुकडे करून काढली होती. सिमेंटचं तोंड ठोकून ठोकून खरवडलेलं. पाण्याचा थेंब कुठं नव्हता. नुसता ओला वारा.

डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं. मार लागून नाही गेला. पाण्यावाचून गेला. म्हणजे दिवस काढले त्यानं तिथं. वहिनी इकडून कान लावून बसली होती ते सगळे दिवस तो तिकडून ठोकत होता, ओरडत होता, अन् मधात हातभर सिमेंट. त्यातून एक भोक असतं तर नळीनं पाणी देता आलं असतं, तो आजही पाइप वाजवत असता. पण यंत्राला काही ऐकू आलं नाही. वहिनीला नाही, मला नाही. तो जिवंत असताना त्याचा एकही ठोका बाहेर आला नाही.

ते सगळे ठोके मे महिन्यात येऊन गेले होते. आम्ही ऐकले तेव्हा तो माझ्याजवळ उभा होता.

मला माहीत आहे खाली काय लिहाल. वारा होता, घुमारा होता, दुःखात माणूस काही पण जोडते. मी स्वतः हेच लिहिलं असतं. घुमारा असंल तर मला सांगा, जे वाक्य बाहेर कोणी बोललंच नव्हतं त्याचा घुमारा कसा येते? दगड पडून दादाच्या चहाचे ठोके कसे वाजतात? अन् जो आवाज एवढ्या आधी बाहेर येऊ शकत होता, तो गरज होती त्या दिवशी कुठं गेला? नागपूरला ध्वनीचं शिकवणाऱ्या एका सरांकडं मी रेकॉर्डिंग नेलं होतं. त्यांनी कितीदा तरी ऐकलं. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, एवढं ते म्हणाले. मग विचारलं की, तुमच्या भावानं ही गंमत कशी केली? मी मोबाइल घेऊन परत आली.

बाबा असते तर काय म्हणाले असते, ते मला समजत नाही. घरी आम्ही भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन केलं, दुसरं काही केलं नाही. कोणी सांगितलं नारायणबळी करा, कोणी सांगितलं गढीवर कोंबडं द्या. मी त्यांना हाकलून दिलं. भुताखेतावर माझा आजही विश्वास नाही. तो माझा भाऊ होता, भूत नव्हता. त्यानं आम्हाला साध्या मराठीत सांगितलं होतं काय करू नका ते.

बगीचा राहिला नाही. वहिनी आता तिथं तूर लावते. माय माझ्याजवळ पांढुर्ण्याला असते. रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे, ग्रुपवर टाकणार नाही, मागू नका. वहिनीला मी त्यातला फक्त शेवटचा तुकडा काढून पाठवला आहे, जिथं दादा हसून म्हणते, हाव बाबू, बुजवतोच तुले. तिला तेवढंच पाहिजे होतं, त्याचं हसणं. ती रोज ऐकते.

मायला ते हसणं सहन होत नाही. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की ती मोबाइल मागते, कानाशी धरते, अन् मी तिच्यासाठी पहिला भाग लावते, ठोके अन् त्याच्यापुढचा आवाज. तो हसायच्या आधी मी बंद करते. एक दिवस मी चिडली. म्हटलं, माय, कायले ऐकते रोज रोज, जीव जाते ना माहा.

ती म्हणाली, "तो बोलून राहिला ना संगे. कोणीतरी ऐकलं पाहिजे."

मग मोबाइल तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "नाही बुजवत बापा. नाही बुजवत." अन् मला पुन्हा लावायला सांगितलं.